सरकारी वकील व्हायचंय? ठाणे-कल्याणच्या वकील मुलामुलींसाठी सहायक सरकारी अभियोक्ता परीक्षेची माहिती

मुरबाड : दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी फोन करतं, "दादा, तुम्ही बातमीला कोर्टात जाता, सरकारी वकील व्हायला काय करावं लागतं?" आता मी बारावी शिकलेला शेतकरी. काळा कोट घातलेला नाही. पण घरातली पुतणी एलएलबी करून कल्याणच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून उभी राहते आणि याच परीक्षेचा अभ्यास करते. तिची पुस्तकं, तिच्या वह्या, आणि बातमीदार म्हणून कोर्टात बसून पाहिलेलं, यातून जे कळलं ते इथं एकत्र दिलं आहे. मुरबाड, शहापूर, भिवंडी, अंबरनाथ, कल्याण तालुक्यातल्या ज्या घरात मुलगा-मुलगी वकिली शिकतेय त्या घरात हे वाचलं जावं, एवढाच हेतू.

सर्वात आधी एक घोळ मिटवू. "सरकारी वकील" हा शब्द आपण तीन वेगळ्या माणसांसाठी वापरतो. टीव्हीवर दिसणारे उज्ज्वल निकम हे खटल्यापुरते नेमलेले विशेष सरकारी वकील. अशा नेमणुकीला किमान दहा वर्षांची वकिली लागते, परीक्षा नसते. दुसरे म्हणजे ठाण्याला जिल्हा व सत्र न्यायालयात खून, बलात्कार, दरोड्याचे खटले चालवणारे सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी वकील. त्यांना किमान सात वर्षांची वकिली लागते. नावांची यादी जिल्हाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून तयार करतात आणि नेमणूक शासन करतं. तिसरे आपल्या रोजच्या ओळखीचे. तालुक्याच्या कोर्टात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पोलिसांच्या केसेस चालवणारे. यांना सहायक सरकारी अभियोक्ता म्हणतात, कोर्टात सगळे "एपीपी साहेब" किंवा "एपीपी मॅडम" म्हणतात. ही कायम सरकारी नोकरी आहे, गट-अ ची, आणि ती महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून मिळते. या लेखात बोलतोय ते याच पदाबद्दल.

हे पद पोलिसांचं नाही, हेही लक्षात ठेवा. जुन्या माणसांच्या तोंडी अजून "पोलीस प्रॉसिक्युटर" हा शब्द येतो, कारण पूर्वी ही माणसं पोलीस खात्याच्याच अखत्यारीत असायची. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं सहायक सरकारी अभियोक्ता हे वेगळं पद केलं, तरी महाराष्ट्रात ते बरीच वर्षं पोलिसांकडेच राहिलं. शेवटी १९९५ साली एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं राज्य सरकारला सांगितलं की यांना पोलीस खात्यातून मोकळं करा आणि वेगळं खातं उभं करा. आज ते अभियोग संचालनालयाखाली, गृह विभागात येतात. मुलाखतीला जाणाऱ्यानं हे प्रकरण वाचूनच जावं, आपल्याच राज्याचं आहे.

पात्रता आणि जाहिरात

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा कोर्स, त्यासाठी एमएच-सीईटी. मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद, आणि अखिल भारतीय बार परीक्षा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं माहीत नसतं. एपीपीच्या परीक्षेला सनद घेऊन काही वर्षं प्रत्यक्ष वकिली केलेली असावी लागते. एलएलबीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज भरला, असं चालत नाही. किती वर्षं, एलएलएम असेल तर काय, वयाची अट काय, कोणाला किती सवलत, हे त्या त्या जाहिरातीत लिहिलेलं असतं आणि तेच प्रमाण धरायचं. मित्रानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं नाही.

जाहिरात दरवर्षी येत नाही, ही खरी अडचण. २०२२ च्या सुरुवातीला ५४७ पदांची मोठी जाहिरात आली होती. तेव्हा ज्यांची तयारी आधीपासून होती त्यांना फायदा झाला, जाहिरात बघून पुस्तकं घेणाऱ्यांची धावपळ झाली. म्हणून अभ्यास जाहिरातीवर अवलंबून ठेवू नका. दरम्यान न्यायाधीशाची परीक्षा आहे. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी हे पदही आयोगच भरतो, पूर्व, मुख्य आणि मुलाखत अशा तीन पायऱ्यांनी. तिथंही आता २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली आहे. म्हणजे दोन्हीकडे कोर्टात उभं राहण्याला पर्याय नाही. फौजदारी कायद्याचा अभ्यास दोन्हीकडे कामी येतो, न्यायाधीशासाठी दिवाणीचा भार वेगळा. सीबीआयमधल्या सहायक सरकारी अभियोक्त्यांची भरती केंद्रीय लोकसेवा आयोग करतो, तीही बघत राहा.

वकिलीचा अनुभव कागदावर दाखवावा लागतो, आणि आपली गावाकडची मुलं इथंच अडकतात. सीनिअरच्या हाताखाली चार वर्षं राबायचं, पण एकाही वकीलपत्रावर नाव नाही, रोजनाम्यात हजेरी नाही. अनुभव कशाच्या जोरावर सिद्ध करणार? पहिल्या दिवसापासून वकीलपत्रावर स्वतःची सही करा. आपलं नाव आलेल्या रोजनाम्यांच्या, आदेशांच्या नकला एका फाईलला लावत जा. आणि सनद चालू ठेवून पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही, हा बार कौन्सिलचा नियम आहे. नोकरी लागली म्हणून सनद स्थगित केली तर तेवढा काळ वकिलीत मोजला जाईल अशी आशा धरू नका.

अभ्यास कशाचा

लेखी परीक्षा आणि मग मुलाखत. लेखी वस्तुनिष्ठ, म्हणजे चार पर्यायांतून एक. आयोगाच्या अशा परीक्षांत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापतात. चार ठिकाणी अंदाजपंचे गोळ्या काळ्या केल्या आणि चारही चुकल्या, तर घाम गाळून मिळवलेला एक गुण गेला. ज्या प्रश्नात दोन पर्याय खात्रीनं बाद करता येतात तिथंच धोका घ्या, असं पुतणी म्हणते. मला पटतं. बी पेरताना आम्हीही ओल बघूनच पेरतो.

अभ्यासाचा कणा तीन कायद्यांचा. १ जुलै २०२४ पासून हे तिन्ही बदलले. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, ५११ कलमांची ३५८ झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, ४८४ ची ५३१. पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, १६७ ची १७०. बऱ्याच जणांना वाटतं आता जुनं विसरायचं. तसं नाही. १ जुलै २०२४ च्या आधीचे गुन्हे जुन्या दंड संहितेखालीच चालणार, आणि तेव्हा चालू असलेले खटले जुन्या प्रक्रियेनंच संपणार. आपल्या तालुका कोर्टांतल्या कपाटात असे दावे किती वर्षांचे पडलेत ते मी सांगायला नको. एपीपी झाल्यावर सकाळी जुनं कलम आणि दुपारी नवं, असंच काम राहणार आहे.

यात फसगत कुठं होते ते सांगतो, कारण प्रश्न इथूनच निघण्याची शक्यता जास्त. आकडा तोच, अर्थ वेगळा. जुनं ३०२ म्हणजे खून, नवा खून १०३ मध्ये, आणि न्याय संहितेतलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं. ४२० ची फसवणूक आता ३१८ च्या चौथ्या पोटकलमात. संहिताच ३५८ ला संपते, त्यामुळे "चारसोबीस" नुसतं बोलण्यात राहिलं. प्रक्रियेत तर जास्त गंमत. जुनं १४४ जमावबंदीचं, ते आता १६३ झालं, आणि नवं १४४ बायको-मुलांच्या पोटगीचं, जे आधी १२५ होतं. जुनं १७३ म्हणजे तपास संपल्यावरचं दोषारोपपत्र, ते आता १९३. नवं १७३ म्हणजे पहिली खबर, जी आधी १५४ होती. जुनं ४८२ हायकोर्टाच्या अंगभूत अधिकाराचं, ते ५२८ झालं, आणि नवं ४८२ अटकपूर्व जामिनाचं. पुतणीनं या जोड्या स्वयंपाकघरात फ्रिजला चिकटवल्या आहेत. आता तिची आजीसुद्धा "एकशे त्र्याहत्तर म्हणजे फिर्याद" म्हणते.

आपल्या कोर्टात रोज येणारी कलमं मात्र तोंडपाठच हवीत. साधी मारहाण ३२३ ची ११५ पोटकलम २, हत्यारानं मारलं तर ३२४ ची ११८ पोटकलम १, शिवीगाळ ५०४ ची ३५२, धमकी ५०६ ची ३५१, चोरी ३७९ ची ३०३, सासरचा छळ ४९८-अ ची ८५, बेदरकार गाडी चालवणं २७९ ची २८१, निष्काळजीपणानं मृत्यू ३०४-अ ची १०६, सरकारी नोकरावर हात टाकणं ३५३ ची १३२. कलम १०६ चं दुसरं पोटकलम, अपघात करून पळून जाणाऱ्या चालकाचं, १ जुलैला लागू केलं गेलं नाही, हेही लक्षात असू द्या. शिक्षेच्या बाबतीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि आता पन्नास हजारांपर्यंत दंड करता येतो, आधी दहा हजार होता. समाजसेवा ही नवी शिक्षाही आली. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा होते.

राज्याचे कायदे मुलं शेवटी ठेवतात आणि मग वेळ उरत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ मधली तडीपारीची ५५ ते ५७ कलमं आणि ती मोडून परत आल्याबद्दलचं १४२, कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात याच्या केसेस नवीन नाहीत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ आणि जुगार प्रतिबंध अधिनियम १८८७ हे तर गावठी दारूच्या भट्ट्या नि मटक्याच्या छाप्यांमुळे आम्हा बातमीदारांनाही पाठ झालेत. शिवाय अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, नागरी हक्क संरक्षण कायदा, लाचलुचपत प्रतिबंधक कायदा यांची मूळ कलमं वाचा. अभ्यासक्रमात नेमके कोणते कायदे आहेत ती यादी जाहिरातीसोबत बघून खुणा करा.

निकालांमध्ये महाराष्ट्रातल्या प्रकरणांपासून सुरुवात केली तर लक्षात राहतात. परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कशी असावी हे शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात १९८४ ला सांगितलं, ते पुण्याचं. मोबाईल, सीसीटीव्ही, सीडीच्या पुराव्याला प्रमाणपत्र लागतंच, हे अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणुकीच्या प्रकरणात २०२० ला ठरलं. जुनं ६५-ब आता साक्ष्य अधिनियमाचं ६३ आहे, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग झालेत, एक सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. गुन्हा दखलपात्र दिसला तर नोंदवलाच पाहिजे यासाठी ललिता कुमारी २०१३, उठसूट अटक नको यासाठी अर्नेश कुमार २०१४. सरकारी वकिलानं काहीही करून शिक्षाच व्हावी म्हणून लढू नये, कोर्टापुढे खरं काय ते ठेवावं, यासाठी शिवकुमार विरुद्ध हुकमचंद १९९९. खटला मागे घेण्याचं जुनं ३२१ आता ३६० झालंय. त्यात नवीन भर अशी की पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टानं परवानगी द्यायची नाही.

मी पंच होतो तेव्हा

पुस्तकातल्या कलमाचा जमिनीवर काय अर्थ असतो ते मला स्वतःच्या अनुभवानं कळलं. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली. पोलिसांनी एकाला धरलं. त्यानं जागा दाखवली, झाडीत मोटार सापडली, आणि पंच म्हणून मी होतो. आरोपीनं पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला किंमत नाही, पण त्याच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. जुनं पुरावा कायद्याचं कलम २७, आता कलम २३ चं परंतुक. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपली सही केली.

साक्षीची तारीख आली ती काही वर्षांनी. मधल्या काळात मोटार मुद्देमाल म्हणून पडून, गंजत. शेतकऱ्यानं कर्ज काढून दुसरी घेतली होती. समन्स हातात पडलं तेव्हा मला धड ती जागाही आठवेना. कोर्टाच्या व्हरांड्यात एपीपी मॅडमनी बोलावून घेतलं, दहा मिनिटं. पंचनामा वाचायला दिला आणि एवढंच म्हणाल्या, "आठवतं तेवढंच सांगा, आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा." उलटतपासात आरोपीच्या वकिलानं विचारलं, मोटारीचा रंग कोणता, सही झाडीत केली की पोलीस ठाण्यात, तुम्ही पोलिसांच्या ओळखीचे ना, बातम्या देता ना? मी गडबडलो. रंग चुकीचा सांगितला. फेरतपासात मॅडमनी दोनच प्रश्न विचारले, मोटारीवरच्या नंबरप्लेटबद्दल आणि तो नंबर पंचनाम्यात कोणी वाचून लिहवला याबद्दल. तो मी स्वतः वाचून दाखवला होता, ते मला पक्कं आठवत होतं.

त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एवढ्या फाईली होत्या की माझी फाईल त्यांनी आदल्या रात्री वाचली नसती तर नंबरप्लेटचा मुद्दा कुणाच्या लक्षात आला नसता. मुद्देमाल सोडवण्याचं कलम आता ४९७ आहे. त्यात १४ दिवसांत वस्तूचं वर्णन आणि फोटो, आणि पुढच्या ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश, अशी मुदत घातली आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीनं नव्या संहितेतलं हे सगळ्यात कामाचं कलम. नव्यानं एपीपी होणाऱ्यांनी ते पाठ करण्यापुरतं ठेवू नये. गाय, बैल, मोटारसायकल, मोटार, धान्य, याच वस्तू असतात मुद्देमालात.

इथं राहून तयारी कशी

कोर्टातच सगळ्यात जास्त शिकायला मिळतं आणि फी लागत नाही. न्यायालय उघडं असतं, कुणीही मागे बसून ऐकू शकतं. ठाणे शहर, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयाचा, तर मुरबाड, शहापूर ठाणे ग्रामीण पोलिसांचं. दोन्हीकडच्या केसेसचा पोत वेगळा. कल्याणला रिमांड आणि जामिनाचे अर्ज एकामागून एक ऐकायला मिळतील, एपीपी त्यावर म्हणणं कसं देतात ते बघा. मुरबाड-शहापूरला बांधावरची भांडणं, मारामारी, दारू. आठवड्यातून एक दिवस नुसतं ऐकायला काढा आणि घरी येऊन त्या केसमधली कलमं उघडा.

मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी, साधारण तीसेक किलोमीटर, आणि पावसाळ्यात टोकावडे-धसईकडच्या मुलांचा निम्मा दिवस प्रवासात जातो. शहापूरवाल्यांना आसनगाव-वासिंदहून लोकल आहे, पण कसाऱ्याची लोकल चुकली की दुसरीची वाट बघत बसा. पुतणी प्रवासात मूळ कायदा कानानं ऐकते, स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड केलेली कलमं. आधी आम्ही हसलो होतो. आता गुऱ्हाळातल्या बैलासारखं तेच तेच फिरवल्यानं पाठ होतं हे दिसलं.

बसायला जागा हवी असेल तर कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था मुख्यतः नागरी सेवांसाठी आहे, पण आयोगाच्या परीक्षेचं वातावरण कळायला तिथं एक चक्कर मारायला हरकत नाही. क्लासची जाहिरात बघून घरची म्हैस विकू नका. मूळ कायदे इंडिया कोडच्या सरकारी वेबसाईटवर फुकट आहेत, सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआरवर फुकट आहेत. क्लासनं शिस्त लागते हे खरं, पण कलम तुमच्यासाठी दुसरा कुणी वाचत नाही. "पद मिळवून देतो" म्हणणारा भेटला तर तो फसवतोय, पैसे द्यायच्या आधी घरी कुणाला तरी सांगा.

भाषेची धास्ती मराठी माध्यमाच्या मुलांना जास्त. १९९८ च्या अधिसूचनेपासून आपल्याकडे जिल्हा-तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षी मराठीत होतात, पंचनामे मराठीत असतात. निकाल वाचायला इंग्रजी लागतं, ते रोज एक पान वाचून जमतं. उलट इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलांना "सरतपास", "फितूर", "दोषारोप", "मुद्देमाल" हे शब्द शिकावे लागतात आणि ठाकर-कातकरी साक्षीदाराशी कसं बोलायचं तेही. तिथं आपली मुलं पुढे आहेत.

कागदपत्रांचं शेवटी. जातीचा दाखला, मुदतीतलं नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, सनद, बार परीक्षेचं प्रमाणपत्र, नावात बदल असेल तर राजपत्र. महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजातल्या उमेदवारांनी जात वैधतेचा अर्ज ठाण्याच्या कोकण विभाग तपासणी समितीकडे आधीच करून ठेवावा, आजोबा-पणजोबांचे शाळेचे नि महसुली दाखले जमवायलाच महिने जातात. मुलींचं लग्नानंतर नाव बदलतं, सनदेवर माहेरचं आणि आधारवर सासरचं. आयोगाच्या ऑनलाइन खात्यात नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरलं आहे ना ते आजच उघडून बघा, शेवटच्या दिवशी सर्व्हर बसलेला असतो.